नव्याने क्लॅरिनेट शिकणाऱ्यासाठी फुकट शीट्स: आठ महिन्यांचा अनुभव

मुलगी अकरा वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यात तिने क्लॅरिनेट हातात घेतलं. वाद्य मिळालं, आठवड्यातून एकदा शिकवणारे सरही मिळाले, पण उरलेले सहा दिवस वाजवायचं काय? बाहेरची पुस्तकं महाग पडतात, म्हणून नेटवर फुकट मिळणाऱ्या शीट्स, म्हणजे स्वर लिहिलेली पानं, शोधायला बसलो. आठ महिन्यांत काय कामाचं निघालं आणि काय नाही, ते लिहितोय.

सगळा घोळ 'ईझी' या शब्दाचा आहे. सुरुवातीला मी बासरीच्या, व्हायोलिनच्या, ज्यावर 'ईझी' लिहिलंय त्या सगळ्या शीट्स छापल्या. त्यातल्या निम्म्या तिला वाजेनात आणि ती रडकुंडीला आली. दोष तिचा नव्हताच. बासरीवर त्याच बोटांनी फुंक बदलली की वरच्या सप्तकातला तोच स्वर मिळतो. क्लॅरिनेटवर खालच्या सा ची बोटं तशीच ठेवून मागची, वरचे स्वर काढणारी रजिस्टर कळ दाबली की येतो वरच्या सप्तकातला प! त्यामुळे मधल्या बी-फ्लॅटवरून (सी ला सा धरला तर कोमल नी) बी वर (शुद्ध नी) जाताना स्वर चढतो जेमतेम अर्धा, पण जवळपास मोकळ्या हातावरून एकदम सगळी भोकं बंद करावी लागतात. एक बोट जरा सरकलं की चिरका आवाज. या जागेला 'ब्रेक' म्हणतात आणि नवशिक्याला ती ओलांडायला वेळ द्यावाच लागतो.

म्हणून आता शीट उघडली की मी नाव, लेबल काही बघत नाही. स्वर लिहायच्या पाच रेषांमधली मधली रेष बघतो, ब्रेकच्या पलीकडचा बी तिच्यावरच येतो. तिच्यावर किंवा तिच्या वर एकही स्वर असेल तर ती शीट नंतरसाठी ठेवायची. एवढ्या एका चाळणीने आमचं निम्मं काम सोपं झालं.

दुसरा शोध ट्रंपेटचा. नेहमीचं क्लॅरिनेट आणि ट्रंपेट, दोन्ही बी-फ्लॅट वाद्यं, म्हणजे पानावरचा सी वाजवला की प्रत्यक्षात बी-फ्लॅट ऐकू येतो. ट्रंपेट शिकणाऱ्याच्या पहिल्या शीट्स बहुतेक सी ते जी (सा ते प) या पाच स्वरांत असतात, आणि क्लॅरिनेटवर हेच पाच स्वर एकट्या डाव्या हाताने वाजतात. जी ला सगळी बोटं मोकळी, एफ ला फक्त अंगठा, मग एकेक बोट वाढवत सी पर्यंत. क्लॅरिनेटच्या नावाने शोधून जे सापडत नव्हतं ते ट्रंपेटच्या नावाने सापडलं.

बेटहोव्हनच्या नवव्या सिंफनीतली, १८२४ सालची आनंदगीताची चाल बहुतेक सगळीकडे फुकट मिळते आणि ती याच पाच स्वरांत आहे. फक्त तिसऱ्या ओळीच्या शेवटी एकदा खालचा जी येतो. वरच्या जी ला सगळी बोटं उघडी आणि या जी ला अंगठ्यासकट सातही बोटं खाली! मी त्या स्वराभोवती लाल पेन्सिलीने गोल केला होता. पंधरा दिवस गाडी तिथेच अडायची. एका संध्याकाळी ती न थांबता पुढे गेली, आणि मग स्वतःहून तीच ओळ दहा वेळा वाजवली.

आयएमएसएलपी हे २००६ साली सुरू झालेलं नेटवरचं मोठं भांडार आहे. कॉपीराइट संपलेल्या संगीताची पानंच्या पानं तिथे स्कॅन करून ठेवली आहेत. क्लोझेचं १८४३ सालचं क्लॅरिनेट शिकवणारं पुस्तक तिथे मिळतं. आज सर्रास दिसणारी बोम पद्धतीच्या कळांची रचना ज्याने ब्युफे या कारागिरासोबत बसवली, तोच हा क्लोझे. पाठ सुंदर आहेत, पण फार भरभर अवघड होत जातात. अगदी नव्या मुलाला ती फाइल देऊ नका. आम्ही सरांना विचारून त्यातले मोजके दीर्घ स्वरांचे आणि दोन वाद्यांचे तुकडे घेतले. एट नोट्स या संकेतस्थळावर बिगिनर, ईझी अशा पायऱ्या लावलेल्या असतात, तिथूनही बरंच मिळालं, पण मधल्या रेषेची चाळणी तिथेही लावायचीच.

माझ्या मते सगळ्यांत मोलाचं ठरलं ते म्यूझस्कोर. नोटेशन लिहायचं हे सॉफ्टवेअर पूर्ण फुकट आहे. (त्याच नावाच्या संकेतस्थळावर इतरांच्या शीट्स असतात, पण तिथून डाउनलोड करायला बऱ्याचदा पैसे भरावे लागतात. या दोन गोष्टींत गल्लत करू नका.) एखादी चाल फार वर जात असेल तर ती लिहून काढायची आणि खाली उतरवायची. खालच्या जी ला सा धरला की त्या जी पासून वरच्या ए पर्यंत नऊ स्वर ब्रेकला न शिवता मिळतात. लय मिनिटाला साठ ठोक्यांवर ठेवून सॉफ्टवेअरला वाजवून दाखवायला सांगितलं की मुलीला सोबतही होते.

माझी आई भजनी मंडळात पेटी वाजवते. पहिल्यांदा नात आणि आजी एकत्र बसल्या तेव्हा काही जुळेना. मुलीचा सी आणि पेटीची पांढरी एक (पेटीचा सी) यांत एका पूर्ण स्वराचा फरक. आई म्हणाली, "अगं, तुझा सा माझ्या काळी पाचला लागतोय." अगदी बरोबर! तेव्हापासून आई काळी पाच धरते. तिला पाठ असलेल्या आरत्या आणि ओव्यांच्या चाली मी सरगमवरून म्यूझस्कोरमध्ये उतरवतो. आतापर्यंत चौदा झाल्या. कानाला ओळखीची चाल असली की मुलगी पानात अडकत नाही, चुकली तरी तिची तिलाच कळते.

एक सावधगिरी मात्र घ्या. एका ठिकाणी 'फुकट' म्हणत कार्डचा नंबर मागितला, मी दिला, आणि आठवड्याने वर्षभराचे पैसे कापले गेले. परत मिळवायला महिना गेला. कार्ड मागणारं पान सरळ बंद करा.

आणि छपाई मोठी घ्या. ए-फोर पानावर चारच ओळी, म्हणजे स्टँडवरून नीट दिसतं आणि मान पुढे झुकत नाही. मान झुकली की माउथपीसचा कोन बदलतो आणि आवाज बसतो.

सध्या स्टँडवर ए वरून बी वर जायचा छोटासा तुकडा आहे, मीच लिहिलेला. उजव्या हाताची बोटं आधीपासून खाली ठेवूनच ए वाजवायचा, ही सरांची युक्ती. काल तीनदा स्वच्छ आला.