गारपीट, लोणी आणि बाळंतशोपा

पाकिटावरचं नाव मराठी माणसाने आपल्या पद्धतीने सरळ वाचलं की काय होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. लेकीकडे नेदरलँड्समध्ये आम्स्टलफेनला पोचल्यावर पहिल्याच सकाळी मी ते मोठ्यांदा वाचलं आणि जावई चहाचा कप घेऊन गॅलरीत निघून गेले. मग लेकीने उच्चार शिकवला : हाखल-स्लाख. ख घशातून, खाकरल्यासारखा. अर्थ काय, तर गारा पडणं. मी सांगलीची. आमच्या तासगावात गारपीट म्हटलं की द्राक्षबागायतदाराच्या पोटात गोळा येतो आणि ही माणसं गारपीट लोणी लावलेल्या ब्रेडवर घेऊन खातात!

वस्तू साधी आहे. शेवयांचा बारीक चुरा करावा एवढे चॉकलेटचे दाणे. आपण केकवर सजावटीला टाकतो तसे, पण इथे ती सजावट नाही, रोजची न्याहारी आहे, आणि फक्त पोरांची नव्हे. समोरचे सत्तरीचे आजोबा रोज सकाळी खिडकीशी बसून हेच खातात. दुकानात एक अख्खं कपाट याचंच असतं.

कसं खायचं ते मला सहा वर्षांच्या थोरल्या नातीने शिकवलं. ब्रेड भाजायचा नाही. लोणी बाहेर ठेवलेलं, मऊ हवं. फ्रिजमधलं घट्ट लोणी मी एकदा लावायला गेले तर ब्रेडला भोक पडलं आणि 'आजी, असं नाही गं' ऐकून घ्यावं लागलं. लोणी पार कडेपर्यंत लावायचं, कारण जिथे लोणी नाही तिथे दाणा टिकत नाही. मग खोक्याच्या कोपऱ्यातली पुठ्ठ्याची चोच उघडून दाणे ओतायचे, ताटली डावी-उजवीकडे हलवायची आणि खाली सांडलेले दाणे ओल्या बोटाने टिपायचे. हा शेवटचा भाग ती सगळ्यात मन लावून करते. शेजारणीच्या घरी मात्र शिस्त आहे : पहिली स्लाइस चीजची, गोड दुसरीवर. लेकीने तो नियम उचललाय. मला पटला. आपणही आधी भाजी-पोळी संपव, मग साखर-पोळी, असंच म्हणायचो की.

चवीचं म्हणाल तर सगळा खेळ लोण्याचा आहे. नुसते दाणे चिमटीने खाल्ले तर विशेष काही नाही. मिठाचं लोणी खाली असलं की तेच कडवट-गोड-खारट होतं आणि दाताखाली आधी कुरकुरतं, मग विरघळतं. तूप-साखर-पोळीच्या सुरळीचंही तेच गुपित, तूप कमी पडलं की साखर नुसती कचकचते.

मी तीन प्रकार खाल्ले. डार्क, म्हणजे इथल्या भाषेत 'प्यूर', सगळ्यात चांगला. दुधाचा पोरांना आवडतो, मला गोडमिट्ट वाटला. तिसरं एक स्वस्तातलं खोकं मीच हौसेने उचलून आणलं. घरी आल्यावर जावयांनी दाखवलं : त्याच्यावर चॉकलेट हा शब्दच नाही, 'काकाओफान्तासी' लिहिलंय. कोको पुरेसा नसला तर चॉकलेट म्हणायला कायद्याने परवानगी नाही, म्हणून हे नाव. कोकोची कल्पना करायची, इतकंच! जिभेवर मेणासारखं राहिलं. वनस्पती तुपातला शिरा. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, पण शब्द बघून घ्या.

आता माझ्या आवडीचा भाग. मी गेले होते ती लेकीच्या बाळंतपणाला, धाकट्या नातीच्या वेळी. बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव आणि भाजलेल्या बाळंतशोपांचा डबा. इथे बाळंतिणीच्या घरी रोज एक परिचारिका येते. तिने पहिल्याच दिवशी गोल टोस्टवर लोणी लावून त्यावर गुलाबी-पांढरे दाणे पसरले आणि सगळ्यांना एकेक दिला. मुलगी झाली म्हणून गुलाबी, मुलगा असता तर निळे. यांना 'माउश्येस' म्हणतात, म्हणजे छोटे उंदीर. एक दाणा चष्म्याजवळ धरून पाहिला. साखरेच्या पाकाचं कवच, आत बडीशेपेच्या जातीचं बी, आणि एका टोकाला काडीचा बारीक तुकडा राहिलेला. ती उंदराची शेपटी! चावला आणि मला हसूच आलं. हा तर संक्रांतीच्या हलव्याचा भाऊ, फक्त काटे नाहीत आणि तिळाऐवजी बडीशेप.

मी माझा डबा उघडून तिला शोपा दिल्या. दूध यावं म्हणून देतो, असं लेकीने तिला सांगितलं. ती म्हणाली, आमच्याकडेही म्हाताऱ्या बायका बडीशेपेचं हेच सांगायच्या. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची येत नाही, पण त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून लेकीला दोन्ही खायला लावलं.

माउश्येस बनवणारी द रॉयटर कंपनी 1860 साली बार्न गावात सुरू झाली. राजघराण्यात मूल झालं की केशरी दाणे काढतात, 1938 साली पुढे राणी झालेल्या बेआट्रिक्स जन्मल्या तेव्हाही काढले होते. गारपीट त्यामानाने पोरगी. 1919 साली डीपेरिंक नावाच्या गृहस्थांनी बडीशेपेच्या स्वादाचे पांढरे दाणे काढले, तेव्हा बाहेर गारा पडत होत्या म्हणून हे नाव, असं सांगतात. चॉकलेटचे आले 1936 मध्ये, फेन्झ कंपनीचे. पूर्वीच्या डच वसाहतीत, इंडोनेशियात, आजही ब्रेडवर हेच खातात आणि त्याला 'मेसेस' म्हणतात. माउश्येसचंच बिघडलेलं नाव.

तक्रार एकच : साखर. मला सकाळी गोळी घ्यावी लागते, म्हणून लेकीने रविवारी एक स्लाइस ठरवून दिली होती. ताटलीतले सांडलेले दाणे हिशेबात धरत नव्हते.

येताना प्यूरची दोन खोकी आणली. सांगलीच्या एप्रिलने आठवड्यात त्यांचं ढेकूळ केलं, तेव्हा उन्हाळ्यात येणाऱ्यांनी आणूच नयेत. टाकवेना. बत्त्याने फोडलं, तव्यावरून उतरलेल्या पोळीवर तूप सोडलं, तुकडे टाकले आणि सुरळी करून ह्यांच्या हातात दिली. 'हे काय नवीन?' म्हणाले. नाव सांगितलं नाही. दुसरी मागितली.