पायपर जे-३ कब : आठ महिन्यांनंतर तक्रार एकच, इंधनाची तार

आम्ही तिघांनी पेनसिल्व्हेनियात भागीदारीत घेतलेले कब हे छोटे विमान १९३९ चे आहे, म्हणजे तिथल्याच लॉक हेवन गावातल्या जुन्या रेशीम गिरणीत थाटलेल्या कारखान्यातले. त्याचे गुणगान पुष्कळ झाले आहे. मला लिहायचे आहे ते टाकीच्या झाकणातून वर येणाऱ्या तारेबद्दल. तिचे खालचे टोक पेट्रोलवर तरंगणाऱ्या बुचात असते; पेट्रोल कमी होते तशी तार खाली येते, आणि हाच इंधनाचा मापक.

सहाव्या महिन्यात, उड्डाणाला पाऊण तास झाला असताना, ही तार झाकणापर्यंत खाली बसली. सुमारे ४५ लिटरची टाकी आणि तासाला १५-१६ लिटरचा खप, त्यामुळे पेट्रोल संपणे हिशेबात बसत नव्हते. तरी मी मुकाट्याने उतरलो. काठी बुडवून पाहिली, तर ३० लिटरहून अधिक शिल्लक! तारेच्या टोकाला असलेल्या बुचावरचा चपड्याचा लेप गेला होता आणि बूच पेट्रोल पिऊन जड झाले होते. चपडा अल्कोहोलमध्ये विरघळतो, त्यामुळे आधीच्या मालकाने इथेनॉल मिसळलेले मोटारीचे पेट्रोल भरले असावे, असा माझा संशय आहे. दुरुस्ती करणाऱ्याने मात्र बिलात ‘इंधनमापक यंत्रणा’ असे लिहून दोन तासांची मजुरी लावली. यंत्रणा म्हणजे एक तार आणि एक बूच! त्या एका शब्दावर हुज्जत घालून मी एका तासाची मजुरी कमी करून घेतली.

विजेवर चालणारा मापक बसवावा, असेही त्या रागात मनात आले. पण ज्या विमानाचे इंजिन पंखा हाताने फिरवून सुरू करावे लागते, त्यात वीज आणायची कुठून? शिवाय भिजलेले बूच बुडते, म्हणजे चुकले तरी पेट्रोल कमीच दाखवते, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. गेल्या आठवड्यात ती समजूत मोडली. नव्या बुचाची तार किंचित वाकलेली असल्याने झाकणाच्या भोकात अडकली आणि अर्धा तास वरच राहिली. हे अधिक वाईट.

बाकी टाचेने दाबायचे ब्रेक नावापुरतेच आहेत. उलट उन्हाळ्यात उजवीकडचे दार उघडे ठेवून ताशी १२० किलोमीटरने जाताना मला कशाचीच तक्रार सुचत नाही, तार सोडून.

आता मी घड्याळ लावूनच उडतो. रिकाम्या टाकीत पाच-पाच लिटर ओतून एका लाकडी पट्टीवर खुणा कोरल्या आहेत. शेपटी जमिनीला टेकलेली असतानाच त्या बरोबर वाचता येतात. पट्टी घरात पडून होती, त्यामुळे खर्च शून्य.