पुण्यातला १४ दिवसांचा एसएसबी क्लास, पोरीसाठी गेलो आणि ग्राउंडवर बसून जे बघितलं ते

मी पायदळातून सुभेदार म्हणून रिटायर झालोय, २८ वर्षं नोकरी, गाव माण तालुक्यात. पोरगी बीएस्सी झाली, एनसीसीचं सी सर्टिफिकेट आहे, मागच्या वर्षी एसएसबीला (सैन्यात ऑफिसर निवडायची पाच दिवसांची चाचणी) गेली आणि पाचही दिवस काढून शेवटी कॉन्फरन्स आउट होऊन, म्हणजे शेवटच्या बैठकीत नापास होऊन घरी आली. तीन दिवस नीट जेवली नाही. म्हणून या वेळी क्लास मी स्वतः बघून लावायचा असं ठरवलं.

त्याच्या आधी तिला एका मोठ्या क्लासला घातलेलं, नाव घेत नाही. एका बॅचला ४० पोरं आणि हातात झेरॉक्सचा गठ्ठा. टीएटीच्या (चित्र बघून गोष्ट लिहायची परीक्षा) चित्रांना रेडिमेड गोष्टी, प्रत्येक गोष्टीत हिरो गावात बंधारा बांधतो नाहीतर रक्तदान शिबिर भरवतो. वॅटला, म्हणजे शब्द बघून वाक्य लिहायच्या परीक्षेला, ६० शब्द येतात, एका शब्दाला १५ सेकंद, आणि त्यांनी शेकडो शब्दांची वाक्यं पाठ करून घेतलेली. आता १५ सेकंदात पोरगी पाठ केलेलं आठवत बसणार की मनात आलेलं लिहिणार? आणि समोरचा सायकॉलॉजिस्ट वर्षानुवर्षं हेच वाचतोय, पाठांतर त्याला पहिल्या पानावरच कळत असेल.

हा क्लास एक रिटायर्ड कर्नल साहेब आणि एक रिटायर्ड हवालदार उस्ताद मिळून चालवतात, पुण्याच्या बाहेर सासवडच्या बाजूला. मी फोन केला, सुभेदार होतो म्हणून सांगितलं, तर साहेब म्हणाले, "साब, आधी पैसे भरू नका, या, दोन दिवस ग्राउंडवर बसा आणि मग ठरवा." आणखी चार ठिकाणी फोन केलेले, तिथे सगळ्यांनी आधी अॅडव्हान्स मागितला. मी हडपसरला साडूकडे उतरलो आणि दोनाचे पाच दिवस ग्राउंडवर काढले.

ग्राउंड चांगलंय. लोखंडी पाइपांची स्ट्रक्चर्स, फळ्या, बल्ल्या, दोर सगळं मजबूत, रंग ताजा, इंडिव्हिज्युअल ऑब्स्टॅकल्स, म्हणजे एकट्यानं पार करायचे अडथळे, दहाच्या दहा आहेत. पण मी पाच दिवस बसलो ते ग्राउंडसाठी नाही, टास्क संपल्यावर हे उस्ताद काय करतात ते बघण्यासाठी.

दुसऱ्या दिवशीचं सांगतो. पीजीटी, म्हणजे ग्रुपनं मिळून अडथळे पार करायचा टास्क चाललेला, आठ पोरांचा ग्रुप, त्यात माझी पोरगी. तिचा आवाज मोठा, पहिली आयडिया तिचीच, फळी पण तिच्याच हातात, बाकीचे मागं. पुढं लाल भागापाशी अडकले, लालला पाय लागला की मागं यायचं, तीनदा मागं आले. मला राहवेना, बल्ली आधी टाका असं तोंडावर आलेलं, पण उस्ताद शांत उभे, घड्याळ बघतायत. वेळ संपला, टास्क अर्धवट. मग सगळ्यांना लिंबाखाली बसवलं. मला वाटलं आता लेक्चर होणार. तर ते म्हणाले, आयडिया कुणाची होती? सगळ्यांनी पोरीकडे बोट केलं. दुसरी आयडिया कुणाकडे होती? कोणी बोलेना. उस्ताद पण बोलेनात, चांगला मिनिटभर तसेच बसले. मग नांदेडकडचा एक बारीक पोरगा हळूच म्हणाला, माझ्याकडे होती सर. मग बोलला का नाहीस? मॅडम बोलत होत्या. उस्तादांनी त्याच्या हातात फळी दिली, करून दाखव म्हणाले, आणि ग्रुप पार झाला. पोरीला एका शब्दानं बोलले नाहीत, फक्त म्हणाले, रात्री वहीत लिहून आण आज काय झालं ते.

तिसऱ्या दिवशी कमांड टास्क. यात एक जण कमांडर असतो आणि त्यानं ग्रुपमधले दोन जण मदतीला बोलवायचे. सगळी पोरं सगळ्यात दांडग्या दोघांना बोलवतात. माझ्या पोरीनं त्या नांदेडच्या पोराला बोलवलं आणि आधी त्यालाच विचारलं, तुला कसं दिसतंय. वेळ जास्त लागला पण टास्क झाला. मी लांब खुर्चीवर होतो, डोळ्यात पाणी आलं, खरं सांगतो.

कारण मला माहिताय हे कुठून येतं. मला लान्स नाईकची फीत (शिपायाची पहिली बढती) लागून दोन महिने झालेले, नाईट मार्चला हवालदारांनी नकाशा माझ्या हातात दिला आणि म्हणाले सेक्शन (दहाएक जणांची तुकडी) तू ने. एका फाट्यावर मी चुकलो. त्यांना त्याच क्षणी कळलेलं, पण बोलले नाहीत, पाठीवर सामान घेऊन दीड-दोन किलोमीटर माझ्यामागं चालले. मग सेक्शन थांबवला, मला बाजूला घेतलं आणि एवढंच विचारलं, कंपास शेवटचा कधी बघितलास? मला वाटलं आता नकाशा काढून दुसऱ्याला देणार. तर नकाशा परत माझ्याच हातात दिला. पुढं मी सेक्शन चालवला, प्लाटून हवालदार झालो, फीत लागलेली कितीतरी पोरं माझ्या हाताखाली आली, त्यांच्याशी मी तेच करत आलो. बेळगावला इन्फंट्री स्कूलची ज्युनिअर लीडर्स विंग आहे, तिथं जाऊन आलेला एनसीओ (नाईक-हवालदार) लगेच ओळखू येतो, पण तो कोर्स काही आठवड्यांचा, बाकी सगळं पलटणीत घडतं, आणि ते पण वरचा माणूस चूक होऊ देतो का नि चूक झाल्यावर काम परत त्याच पोराला देतो का यावर. या क्लासमध्ये तेच बघायला मिळालं म्हणून एवढं लिहायला बसलोय.

चौथ्या दिवशी संध्याकाळी उस्तादांनी नाईक यशवंत घाडगेंचं सांगितलं. माणगाव तालुक्यातले, मराठा पलटणीचे, १० जुलै १९४४, इटली, मशीनगनच्या फायरखाली त्यांच्या सेक्शनमधला एकही माणूस लढण्यासारखा उरला नाही. इथं उस्ताद थांबले आणि पोरांना म्हणाले, आता तुम्ही सेक्शन कमांडर, जवळ काय आहे, काय कराल, पाच मिनिटं देतो, लिहा. सगळ्यांची उत्तरं वाचून घेतली, मग पुढचं सांगितलं, की घाडगे एकटेच पोस्टवर धावून गेले, ग्रेनेड टाकून गन बंद केली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून हत्याराच्या दांड्यानं शेवटचे दोघे पाडले, आणि तिथंच स्नायपरच्या गोळीनं पडले. व्हिक्टोरिया क्रॉस. २२ वर्षांचे होते. मागून सांगितलं की पुढच्या वर्षी, एप्रिल १९४५ ला, इटलीतच हाच क्रॉस नामदेव जाधवांना मिळाला आणि ते तर साधे शिपाई, कंपनीचे रनर, फीत पण नव्हती. पोरं त्या रात्री जेवताना पण त्यावरच बोलत होती.

बॅचमध्ये दोन सर्व्हिंग जवान पण होते, सुट्टी घेऊन आलेले, एसीसीतून (आर्मी कॅडेट कॉलेज) ऑफिसर व्हायचंय त्यांना. फिजिकलला एक नंबर, पण जीडीत (ग्रुप डिस्कशन) गप्प, कोणी विचारलं तरच बोलणार. ही आपल्याकडची सवय आहे, वरून हुकूम येईपर्यंत थांबायचं. कर्नल साहेबांनी त्यांना रोज सकाळी पीटीनंतर बॅचचं त्या दिवसाचं नियोजन करायला लावलं, कोण कधी कुठं, पाणी कोण भरणार, आणि चुकलं तर स्वतः बदललं नाही, त्यांनाच बदलायला लावलं. मी निघालो तेव्हा त्यातला एक मोकळा झालेला, दुसऱ्याला अजून वेळ लागेल.

वह्यांचं पण सांगतो. प्रत्येक पोराची एक वही, रात्री कर्नल साहेब स्वतः वाचतात आणि दोन ओळी लिहितात. १५ ओएलक्यूंची (ऑफिसरमध्ये बघतात ते गुण) यादी त्यांनी मी निघाल्यावर, नवव्या दिवशी दिली, म्हणाले आधी दिली तर पोरं यादीसारखं वागायला लागतात.

आता कमी काय ते. फोनवर २० पोरांची बॅच सांगितलेली, झाली २४. म्हणजे तीन ग्रुप आणि उस्ताद एकटे, तिसऱ्या ग्रुपचा नंबर अंधार पडायच्या बेताला. आणखी एक माणूस ठेवायलाच पाहिजे, आपली पोरं त्या तिसऱ्या ग्रुपात असती तर मी भांडलो असतो. सायकॉलॉजीच्या मॅडम ऑनलाइन दोनदाच येतात आणि तपासलेले पेपर पोरांना बाराव्या दिवशी मिळाले, मग सुधारणा कधी करायची? मॉक इंटरव्ह्यू एकच होतो, दोन पाहिजेत. जेवण घरगुती, चांगलं, पण सकाळी साडेपाचच्या पीटीनंतर नुसते पोहे मिळायचे, मी साहेबांना बोललो आणि तिसऱ्या दिवसापासून अंडी-केळी सुरू झाली.

फी राहणं-जेवण धरून २२ हजार. परवडत नसेल तर कर्ज काढू नका, आपल्या सरकारचं नाशिक रोडला छात्र पूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, लेखी पास झालेल्यांना आणि एनसीसी सीवाल्यांना एसएसबीची तयारी तिथं फुकट करून घेतात, राहणं-जेवण धरून, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन चौकशी करा. मुलगा दहावीला असेल तर संभाजीनगरची सरकारी एसपीआय (एनडीएची तयारी करून घेणारी संस्था) १९७७ पासून आहे, तिथली परीक्षा द्यायला लावा. मी नाशिकला का नाही पाठवलं, तर तिथल्या तारखा पोरीला जुळल्या नाहीत, एवढंच.

पोरीचा एसएसबी बोर्ड पुढच्या महिन्यात आहे. रिझल्टची वाट बघून लिहिणार होतो, पण मग सिलेक्ट झाली तर क्लास चांगला आणि नाही झाली तर वाईट असं होतं, आणि ते खरं नाही. परवा घरी तिचा धाकटा भाऊ मोटारीचा पाइप जोडत होता, उलटा लावला, पाणी सगळं अंगणात. आधीची असती तर हातातून पाना काढून घेतला असता. ती पायरीवर बसून बघत राहिली आणि मग विचारलं, आता पाणी कुठून येतंय बघ बरं.

५ पैकी ४ स्टार, एक सायकॉलॉजीच्या पेपरांसाठी कापला. जून ते सप्टेंबरची बॅच घेऊ नका, ग्राउंडवर चिखल होतो आणि टास्क शेडमध्ये घेतात. दोन जोड बूट द्या बरोबर.