हीटिंगमधलं इनहिबिटर: बाटली ओतावी की कॅन जोडावा?

इंग्लंडमधल्या रेडिंगला नुकतंच घर घेतलेल्या एका मित्राने परवा विचारलं, बॉयलर सर्व्हिसला आलेला माणूस म्हणाला सिस्टिममध्ये इनहिबिटर (हीटिंगच्या पाण्यात मिसळायचं गंजरोधक रसायन) जवळजवळ नाहीच, आणि टाकायचे वेगळे पैसे पडतील म्हणाला, तर हे आपलं आपल्याला जमतं का, आणि जमत असेल तर बाटली घेऊ की तो स्प्रेसारखा दिसणारा कॅन? मी आमच्या घरी दोन्ही करून बसलोय. एकदा बाटली, पुढच्या वेळी कॅन. तेव्हा सांगतो, पण हा एका सेमी-डिटॅच्ड घराचा अनुभव आहे एवढं धरून वाचा.

सील्ड सिस्टिम म्हणजे काय वगैरे सांगत बसत नाही, प्रेशर गेज असेल आणि माळ्यावर हीटिंगची छोटी टाकी नसेल तर तुमची सील्डच. ज्याची माळ्यावर टाकी आहे त्याने हे वाचायचीच गरज नाही, त्याने टाकीत ओतायचं आणि चहा टाकायचा. आपली अडचण हीच की पाणी प्रेशरखाली बंद आहे आणि त्यात बाहेरून काहीतरी घालायचंय.

घालायचं का, तर रेडिएटर स्टीलचे, पाइप तांब्याचे, बॉयलरच्या आत बऱ्याचदा ॲल्युमिनियम, आणि सगळ्यांतून तेच पाणी वर्षानुवर्षं फिरतंय. स्टील आतून गंजतं आणि त्याचा काळा गाळ होतो, मॅग्नेटाइट. रेडिएटर वरून गार असेल तर हवा, पण खालून मधोमध गार असेल तर हा गाळ साचलाय असं समजा. ब्लीड करताना, म्हणजे रेडिएटरच्या वरचा छोटा स्क्रू सैल करून हवा काढताना, पाणी शाईसारखं काळं आलं तर इनहिबिटर आधी नको, आधी क्लीनर टाकून फ्लश करा, नाहीतर घाणीवरच औषध ओतल्यासारखं होईल. इथल्या बीएस ७५९३ या स्टँडर्डच्या २०१९ च्या आवृत्तीत दरवर्षी पाणी तपासा आणि पाच वर्षांनी एकतर नव्याने डोस द्या नाहीतर लॅबमधून नीट तपासून घ्या असं आहे, म्हणजे हे एकदाच करून विसरायचं काम नाही, परत परत येणारं आहे. म्हणून पद्धत कुठली याला महत्त्व.

आता बाटली. फर्नॉक्स एफ१ घ्या नाहीतर सेंटिनल एक्स१०० घ्या, मला त्यात काही फरक कळलेला नाही, फक्त आधी जे घातलंय ते माहीत असेल तर तेच पुढे चालवा. बाटली स्वस्त, मी घेतली तेव्हा कॅनपेक्षा चार-पाच पौंडांनी कमी होती. आणि डोळ्यासमोर किती गेलं ते दिसतं, हा मुद्दा मला अजूनही पटतो.

पण ओतायची कुठे? तर एक रेडिएटर दोन्ही बाजूंनी बंद करायचा, ब्लीड उघडून प्रेशर सोडायचं, खालचा नट सैल करून लिटरभर पाणी काढायचं, नट परत आवळायचा, वरच्या कोपऱ्यातला प्लग काढायचा, तिथून नळी लावलेल्या नरसाळ्याने हळूहळू ओतायचं. ऐकायला सोपं आहे. त्या व्हॉल्व्हच्या खाली बोटभर जागा असते, तिथे बादली जात नाही, टब जात नाही, शेवटी स्वयंपाकघरातलं वड्या थापायचं स्टीलचं ताट सरकवलं, ते बरोबर बसलं. बायकोने ताटातलं काळं पाणी बघितलं आणि काही बोलली नाही, ते जास्त वाईट. त्यात थर्मोस्टॅटचं डोकं शून्यावर नेलं म्हणजे व्हॉल्व्ह बंद असं मी धरून चाललो होतो, पण काही व्हॉल्व्हांमध्ये ते फक्त गोठू नये इतपतच बंद असतं, खोली फारच गार पडली की आपणहून उघडतं. सुदैवाने मार्च होता.

पण हेही चाललं असतं. खरी कटकट दुसऱ्या टोकाला, लॉकशील्डला, म्हणजे टोपीखाली झाकलेल्या दुसऱ्या व्हॉल्व्हला. प्लास्टिकची टोपी काढून पान्याने बंद केला, किती आटे फिरवले ते मोजून कागदावर लिहिलं, नंतर तितकेच उघडले, सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. दुसऱ्या दिवशी स्पिंडलच्या मुळाशी एक थेंब. पुसला, तासाभराने परत थेंब. तो व्हॉल्व्ह बहुतेक पंधरा वर्षं कोणी फिरवलाच नव्हता, आतलं पॅकिंग सुकलेलं, मी फिरवलं आणि त्याची झोप मोडली. ग्लँडचा, म्हणजे ते पॅकिंग दाबून धरणारा, नट पाव आटा आवळला तर थेंब कमी झाला, थांबला नाही. खाली वाटी ठेवली, रात्रीत वाटी भरायची. सोमवारी १.३ बार असलेला काटा रविवारपर्यंत ०.८ वर, की मी फिलिंग लूप (नळाचं पाणी सिस्टिममध्ये भरायची नळी) उघडून परत भरणार, म्हणजे दर आठवड्याला नळाचं ताजं, ऑक्सिजनवालं पाणी आत आणि मी ज्यासाठी हा खटाटोप केला ते इनहिबिटर वाटी-वाटीने बाहेर. तीन आठवडे हे चाललं. शेवटी प्लंबर आला, ग्लँडमध्ये पीटीएफई टेप (प्लंबरची पांढरी टेप) गुंडाळली, दहा मिनिटांत संपलं, पैसे मात्र दहा मिनिटांचे घेतले नाहीत. कार्पेटवर रुपयाएवढा हिरवट डाग अजून आहे, त्यावर आता कुंडी आहे.

त्यामुळे पुढच्या वेळी मी कॅन आणला, आणि माझा सगळा कल त्याच एका कारणाने तिकडे झाला: एकाही रेडिएटरच्या व्हॉल्व्हला हात लावावा लागला नाही. आमची फिलिंग लूप बॉयलरखाली बाहेरच आहे, ती वेणीसारखी चंदेरी नळी. टॉवेल रेलच्या (बाथरूममधला टॉवेल वाळवायचा रेडिएटर) ब्लीडमधून थोडं पाणी सोडून प्रेशर एकच्या खाली आणलं, लूपची नळी सोडवली, सिस्टिमच्या बाजूच्या तोंडाला कॅनसोबतचा अडॅप्टर लावला, व्हॉल्व्ह उघडला आणि कॅन दाबला. अर्धा मिनिट फुस्स आवाज, गेजचा काटा किंचित वर सरकला, झालं. व्हॉल्व्ह बंद करून मगच कॅन काढायचा, हे मात्र विसरू नका. पहिल्यांदा मी अडॅप्टरमधलं वॉशर नीट बसवलं नव्हतं त्यामुळे चमचाभर शर्टावर आलं, तेवढंच. मग लूप जोडून प्रेशर १.३ ला आणलं, लूप परत सोडवून ठेवली, हीटिंग तासभर चालवलं. गॅसशी संबंध नाही, बॉयलरचं कव्हर उघडायचं नाही, ते गॅस सेफवाल्याचं (गॅसच्या कामासाठी नोंदणी असलेल्या माणसाचं) काम.

कॅनच्या विरोधात बोलायचं तर आत खरंच सगळं गेलं का हे कॅन हलवून अंदाजानेच ठरवावं लागतं. घर मोठं असेल, बारा-पंधरा रेडिएटर असतील तर एक पुरेल का हे डब्यावर वाचा, दोन लागले तर खर्च दिसायला लागतो. आणि काही कामासाठी सिस्टिम रिकामी केलेलीच असेल तर बाटलीच घ्या, तिथे कॅनसाठी जास्त पैसे घालण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. मॅग्नेटिक फिल्टर (पाण्यातला गाळ चुंबकाने धरणारा डबा) असेल तर तोही रस्ता आहे, दोन्ही बाजूचे व्हॉल्व्ह बंद, झाकण काढा, चुंबक पुसा, तिथेच ओता, फक्त बऱ्याच फिल्टरमध्ये अख्खी बाटली एका वेळी मावत नाही.

मित्राच्या बाबतीत गोची अशी निघाली की त्याच्या बॉयलरला बाहेर लूपच नाही, आतमध्ये किल्ली फिरवून भरायची सोय आहे, म्हणजे कॅन लावायला रेडिएटरच उरतो आणि तिथे व्हॉल्व्ह फिरवणं आलंच. त्याला म्हटलं मग बाथरूमचा टॉवेल रेल धर, खाली टाइल्स आहेत, वरचा प्लग हाताला येतो, थेंब आला तरी कार्पेट नाही. आणि ताट घेताना घरात विचारून घे.