कोच बदलायचा की पोरांना बाकावर बसवायचं?

सीझन अर्धा सरलाय, फुटबॉलची टीम तळाला आहे आणि कमिटीत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, कोच बदला. दुसरा म्हणतो, सर ठीक आहेत, पोरं माजलीत, दोघातिघांना बाकावर बसवा म्हणजे बाकीची सुतासारखी सरळ येतील. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ज्या क्लबात अशी मीटिंग व्हायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझा कल आधीच सांगून टाकतो: सीझनच्या मध्यात कोच बदलू नये, बाकावर बसवावं. पण बसवण्याआधी दोन कामं करावी लागतात. ती न करताच बसवलं तर कोच बदललेला परवडला.

कोच बदलण्याचा मोठा गुण म्हणजे परिणाम लगेच दिसतो. लेस्टर सिटीला २०१६ साली इंग्लंडची लीग जिंकून देणाऱ्या क्लाउदिओ रानिएरींना क्लबने फेब्रुवारी २०१७ मध्ये काढलं, कारण टीम खालच्या लीगमध्ये ढकलली जाण्याच्या काठावर आली होती. त्यांचाच सहायक क्रेग शेक्सपिअर गादीवर बसला आणि लीगचे पहिले पाचही सामने जिंकला. टीम शेवटी बाराव्या नंबरावर आली. कोच बदलणाऱ्या तटाला हा दाखला हवाच असतो. मात्र त्याच शेक्सपिअरना त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नारळ मिळाला, हे सांगायला कुणी थांबत नाही.

हा झटका खरा किती आणि योगायोग किती? कोचला काढतात तेच मुळी टीम अगदी तळाला गेल्यावर. तिथून थोडं वर यायला नशीब फिरलं तरी पुरतं. नेदरलँड्सचे अर्थतज्ज्ञ बास तेर वील यांनी तिथल्या लीगचे १९८६ ते २००४ या काळातले निकाल तपासले. कोच बदललेल्या टीम नंतर सुधारल्या, पण तितक्याच घसरलेल्या आणि कोच न बदललेल्या टीमही तशाच सुधारल्या होत्या.

आपल्याच राज्यातली, इंडियन सुपर लीगमध्ये खेळणारी बेंगळुरू एफसी बघा. २०२२-२३ च्या मोसमात डिसेंबरपर्यंत टीम रखडली होती. कोच सायमन ग्रेसनना क्लबने हलवलं नाही. पुढे लीगचे शेवटचे आठ सामने ओळीने जिंकून ही टीम गोव्यात फातोर्ड्याला फायनल खेळली आणि पेनल्टीवर हरली. पुढच्या मोसमात पुन्हा घसरण लागली. या वेळी डिसेंबर २०२३ मध्ये ग्रेसनना काढलं आणि जेरार्ड झारागोझांना आणलं. टीम बारांत दहावी आली. त्याच झारागोझांना मोसमाआधीची पूर्ण तयारी मिळाल्यावर २०२५ मध्ये टीम परत फायनलला होती. मला यात दिसतं ते इतकंच, की नवा माणूस अर्ध्यात आणला तर त्याचा तो मोसम बहुधा ओळखपाळखीतच जातो.

आणि ती पगारी टीम, रोज सकाळी मैदानावर. आपल्याकडे नवा कोच कोण मिळणार? शाळेतले पीटीचे सर, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेला एखादा जुना खेळाडू, नाहीतर गोव्याहून शनिवार-रविवार येणारा कुणी. गोव्याचा माणूस आणला की कमिटीची कॉलर ताठ होते, पण पावसाळ्यात चोर्ला घाटाच्या रस्त्यावर त्याचा अर्धा उत्साह सांडतो. शिवाय जुने सर गल्लीतलेच असतात. त्यांना काढलं की दोन पोरं त्यांच्याबरोबर जातात, तिसऱ्याचे वडील वर्गणी देणं थांबवतात. हा खर्च मीटिंगमध्ये कुणी मांडत नाही.

आता दुसरा तट. बाकावर बसवण्याला पैसे लागत नाहीत आणि चुकलं तर पुढच्या सामन्यात दुरुस्त करता येतं. मोठ्या नावालाही ते लागू पडतं. ग्रेसनच्या त्या आठ विजयांच्या काळात सुनील छेत्रीसुद्धा बऱ्याचदा बाकावरूनच मैदानात उतरायचा. इंग्लंडची आर्सेनल २०२१ च्या ऑगस्टमध्ये लीगचे पहिले तिन्ही सामने हरली, नऊ गोल खाल्ले, एकही केला नाही. क्लबने कोच मिकेल आर्टेटांना ठेवलं. डिसेंबरमध्ये आर्टेटांनी शिस्तभंगाच्या कारणावरून स्ट्रायकर ओबामेयांगचं कप्तानपद काढून घेतलं आणि टीम शेवटी पाचवी आली. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. उशिरा येणाऱ्या बदली खेळाडूला बसवतात, उशिरा येणारा स्ट्रायकर नव्वद मिनिटं खेळतो. पोरं हे बरोबर टिपतात. सुरुवात चांगल्या खेळाडूपासून करायची तयारी नसेल तर हा मार्ग धरूच नका.

पहिलं काम: येऊ न शकणारा आणि न येणारा, हे वेगळे करा. उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला असलेला पोरगा सांगतो, "सर, सेकंड शिफ्ट लागल्या की ओ." तो खोटं बोलत नसतो. वडगाव-शहापूरकडे घरच्या मागावर बसणाऱ्याचीही तीच गत. आणि रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसलेला, पण मैदानावर न दिसणारा तिसराही असतो. तिघांना एकच नियम लावला तर पहिले दोघे टीम सोडतील, तिसरा राहील. शिफ्ट आठवड्याने फिरते, म्हणून हजेरीही आठवड्याची नको, महिन्याची धरा, आणि शिफ्टवाल्यांसाठी एक सराव पहाटे ठेवा. गणपतीत सराव बंद, हेही नियमातच लिहा. बेळगावची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्या आठवड्यात ढोल वाजवणाऱ्याला गैरहजर मांडून काय मिळवणार?

दुसरं काम जास्त महत्त्वाचं. कॉर्नरवर गोल खाल्ल्यावर काय होतं ते आठवा. गोलकीपर हात पसरतो. स्टॉपर मागे वळून बघतो. बॅक म्हणतो, "माझा न्हवता." आणि सर बाहेरून सगळ्यांना मिळून झापतात, म्हणजे लागत कुणालाच नाही. माक्सिमिलियां रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढायला लावून माणसांचा जोर मोजला होता. १९१३ साली छापलेल्या त्याच्या आकड्यांत आठ जण मिळून ओढताना प्रत्येकाचा जोर एकट्याच्या जेमतेम निम्मा भरला. पुढच्या संशोधकांनी दाखवलं की कुणी किती केलं हे वेगळं ओळखू आलं की ही अंगचोरी कमी होते.

म्हणून सामन्याआधी टीमच्या यादीमागे चार ओळी लिहा: कॉर्नरला जवळच्या पोस्टवर कोण, त्यांचा उंच नऊ नंबर कुणाकडे, डीच्या (गोलसमोरच्या चौकटीच्या) तोंडाशी कोण, पुढे एकटा कोण थांबणार. गोल पडला तर सामना संपल्यावर, रागात नव्हे, एकालाच विचारा: "नऊ नंबर तुझा होता न्हवं? कुठं होतास?" उत्तर "लक्ष नव्हतं" असेल तर पुढचा सामना बाकावर. पण "सर, त्यांच्या दोघांनी मला आडवलं" असं असेल, तर चूक पोराची नाही, आखणीची आहे, आणि उत्तर आता सरांनी द्यायचंय.

दंडाची सूचना मीटिंगमध्ये हमखास येते: उशिरा आला, पन्नास रुपये ठेव. इंग्लंडच्या चेल्सीत कोच फ्रँक लॅम्पार्डने २०१९ साली सरावाला उशीर झाला तर २०,००० पौंड दंड ठेवला होता. ते पगारी खेळाडू, त्यांचं सोडा. इस्रायलच्या हैफा शहरातल्या पाळणाघरांत मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावून बघितला होता, त्याचा अभ्यास २००० साली छापून आला. उशीर जवळपास दुप्पट झाला, कारण पालकांना वाटलं आता आपण उशिराचे पैसेच मोजतोय. दंड काढून घेतल्यावरही उशीर उतरला नाही. आपल्याकडे याला आणखी एक कंगोरा आहे: वर्कशॉपवाल्याचा पोरगा नोट ठेवून रुबाबात उशिरा येईल आणि मागावरचा पोरगा पन्नास वाचवायला घरीच बसेल.

भाषणाचं काय? कोच पी. के. बॅनर्जी त्यासाठी प्रसिद्ध होते, लोक त्याला व्होकल टॉनिक म्हणायचे. १३ जुलै १९९७ ला फेडरेशन कपच्या सेमीफायनलला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर सव्वा लाखाहून जास्त माणूस होता. मोहन बागानचे कोच अमल दत्त यांनी आधी ईस्ट बंगालच्या खेळाडूंची टिंगल केली होती. ईस्ट बंगालचे कोच असलेल्या पीकेंना पोरांना पेटवायला तेवढं पुरलं. त्यांच्या बायचुंग भुतियाने हॅटट्रिक केली, ईस्ट बंगाल ४-१ ने जिंकलं. एका सामन्यासाठी, तोही समोरच्याने तोंड सोडल्यावर, भाषण चालतं. दर रविवारी चालत नाही. कोल्हापूर-गोव्याहून मानधनावर दोन खेळाडू आणायचा मार्गही आहे. घरच्या पोरांना बसायला जागा उरते का, एवढं बघून ठरवा.

काही वेळा मात्र कोचच बदलावा लागतो. सर पोरांवर हात उचलत असतील, तर सीझन कितीही उरलेला असो, त्याच दिवशी. पुतण्या किंवा भाचा चुकूनही बाकावर बसत नसेल, तर बाकाच्या नियमाला अर्थ नाही. आधी सरांशी बोला, ऐकलं नाही तर बदला. तिसरी वेळ हजेरीच्या वहीतूनच कळते. पोरं वेळेवर येतायत, आपापला माणूस धरतायत, आणि तरी गोल त्याच एका पद्धतीने पडतायत, सामन्यामागून सामना. मग पोरांना बसवून उपयोग नाही. तेव्हाही शक्य असेल तर शेवटच्या सामन्यापर्यंत थांबा आणि नवीन सरांना पुढच्या सीझनआधीचे निदान दोन महिने द्या.