नोकरी गेल्यावर ईएसआयसीचे नव्वद दिवस : अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचे परखड परीक्षण

कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) असलेल्या कामगाराची नोकरी गेली तर जास्तीत जास्त नव्वद दिवस रोख मदत देणारी ही योजना. निकाल आधीच सांगून टाकतो. पात्र असाल तर अर्ज जरूर करा, पण रकमेकडून फार आशा ठेवू नका. आणि कंपनी किंवा ठेकेदार सगळं नीट करून देईल या भरवशावर अजिबात राहू नका. या योजनेत पैसे अडतात ते बहुतेक वेळा काउंटरवर नाही, तर गेल्या दोन वर्षांत मालकाने भरलेल्या नोंदींत.

सुरुवातीलाच एक गैरसमज बाजूला काढू. ‘महाराष्ट्रात बेरोजगारांना दरमहा ५,००० रुपये भत्ता’ असे फॉरवर्ड फिरत असतात, खाली आधार नंबर मागणारी लिंक असते. तिथे काहीही भरू नका. महास्वयं पोर्टलवरची नोंदणी नोकरी शोधण्यासाठी आहे, तिच्यातून भत्ता सुरू होत नाही. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतले सहा, आठ किंवा दहा हजार हे प्रशिक्षणाचं विद्यावेतन आहे, गेलेल्या नोकरीची भरपाई नाही. खासगी नोकरी सुटल्यावर विम्यातून रोख मदत हवी असेल, तर दार एकच : कर्मचारी राज्य विमा महामंडळ, म्हणजे आपल्या तोंडचं ‘ईएसआय’.

अटल योजना १ जुलै २०१८ पासून सुरू झाली. तेव्हा सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के मिळत होते. कोविडच्या वर्षी ते ५० टक्के झाले, नव्वद दिवस थांबण्याची अट तीस दिवसांवर आली आणि अर्ज मालकामार्फतच पाठवण्याची सक्ती गेली. या तीन बदलांमुळेच योजना वापरण्याजोगी झाली. मुदत मात्र तुकड्यातुकड्यांनी वाढते. १ जुलै २०२४ पासूनची वाढ ३० जून २०२६ पर्यंतची होती. त्यानंतर नोकरी गेली असेल तर पुढच्या वाढीचा आदेश निघाला आहे का, हे ईएसआयच्या शाखेत आधी विचारा.

पुण्यात हिंजवडी-खराडीच्या आयटीवाल्यांनी मात्र इथे वेळ घालवू नये. महिना २१,००० रुपयांच्या वर पगार (अपंग कर्मचाऱ्यांसाठी २५,०००) असेल तर ईएसआय कापलाच जात नाही आणि कापला नाही तर मिळण्याचा प्रश्नच येत नाही. योजना आहे ती भोसरी, चाकण, रांजणगावच्या शॉपफ्लोअरवरच्यांसाठी, सिक्युरिटी, हाउसकीपिंग, हॉटेल, मॉल, छोट्या वर्कशॉपमधल्यांसाठी. पगाराच्या स्लिपवर ०.७५ टक्के कपात दिसते का ते पाहा. १८,००० पगाराला १३५ रुपये तुमचे आणि मालकाचे ३.२५ टक्क्यांनी ५८५. अप्रेंटिस कायद्याखाली ‘ट्रेनी’ म्हणून घेतलेली मुलं ईएसआयच्या बाहेर असतात. चाकणच्या लाइनवर वर्षभर तेच काम केलं तरी त्याचा इथे उपयोग नाही.

आता पैशाचं गणित, कारण गोंधळ इथेच होतो. ‘पन्नास टक्के’ ऐकून माणूस धरतो, पगार अठरा हजार म्हणजे महिना नऊ हजार. सूत्र तसं नाही. मागच्या चार अंशदान कालावधींतली (अंशदान म्हणजे ईएसआयची वर्गणी, कालावधी सहा महिन्यांचा), म्हणजे दोन वर्षांतली एकूण कमाई ७३०ने भागायची, त्याच्या निम्मे करायचे आणि जास्तीत जास्त ९० दिवसांनी गुणायचे. दोन वर्षं अखंड १८,००० मिळाले असतील तर ४,३२,००० भागिले ७३० म्हणजे ५९२ रुपये रोज. निम्मे २९६. नव्वद दिवसांचे साधारण २६,६००. मध्ये सहा महिने ‘ब्रेक’ मिळाला असेल तर कमाई ३,२४,०००वर येते, भाजक मात्र ७३०च राहतो आणि हातात येतात सुमारे २०,०००. काम केलेल्या दिवसांनी भागलं असतं तर कंत्राटी माणसाला न्याय मिळाला असता. नियम तसा नाही आणि माझ्या मते योजनेतला हा सर्वांत खटकणारा भाग आहे. एक दिलासा आहे : ज्या ओव्हरटाइमवर ईएसआय कापला गेला, तो कमाईत धरला जातो. २१,०००च्या मर्यादेसाठी मात्र ओव्हरटाइम मोजत नाहीत. म्हणून शिफ्टवर शिफ्ट करणाऱ्याची रक्कम थोडी वर जाते. ओव्हरटाइम नसेल तर २१,००० पगारालाही एकूण ३१,०००च्या आसपासच.

पात्रतेच्या दोन अटी. बेरोजगार होण्याआधी किमान दोन वर्षांची विमायोग्य नोकरी. आणि लगतच्या अंशदान कालावधीत किमान ७८ दिवस, शिवाय आधीच्या तीन कालावधींपैकी एकात किमान ७८ दिवस अंशदान. कालावधी वर्षात दोन : १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च.

सात महिने काम आणि मग ब्रेक या पुण्याच्या कंत्राटी पद्धतीत हे ७८ दिवस हमखास चुकतात. समजा, ब्रेकनंतर १० जुलैला परत घेतलं आणि २० ऑक्टोबरला काढलं. लगतचा कालावधी एप्रिल-सप्टेंबरचा. त्यात १० जुलै ते ३० सप्टेंबर हे ८३ दिवस बसतात, म्हणजे सुटलो असं वाटतं. पण मोजले जातात ते पगार मिळालेले किंवा देय असलेले दिवस. महिन्याच्या पगारावर असाल तर रविवारही त्यात आला. रोजंदारीवर असाल आणि साप्ताहिक सुट्टीचे पैसे मिळत नसतील तर बारा रविवार वजा होऊन ७१ उरतात. क्लेम गेला. त्यामुळे किती महिने काम केलं हे सांगत बसण्याआधी पोर्टलवर आपलं अंशदान उघडून दिवसांचा रकाना वाचा.

दुसरी अडचण आयपी नंबरची. हा दहा आकडी विमा क्रमांक माणसाचा असतो, नोकरीचा नाही. नवा ठेकेदार आला तरी तोच चालवायचा. घाईत ठेकेदार नवा क्रमांक काढतो आणि तुमची दोन वर्षं दोन खात्यांत विभागली जातात. दोन क्रमांक असतील तर ते एकत्र करून घेण्याचा अर्ज शाखेत आधी द्या, क्लेम नंतर.

आता कंपनी कुठे चुकते ते. मालक दर महिन्याला अंशदानाची फाइल भरतो. एखाद्याचे दिवस शून्य असतील तर कारणाचा आकडा टाकावा लागतो. २ म्हणजे नोकरी सोडली, १० म्हणजे कामगारकपात, ११ म्हणजे काम नाही, ० म्हणजे कारणच नाही. बहुतेक एचआरवाले विचार न करता २ दाबतात. कपात झालेल्या माणसाची नोंद १०ने व्हायला हवी, सोबत कामाची शेवटची तारीखही. काहीजण ० टाकून मोकळे होतात. मग रेकॉर्डवर तुम्ही अजून त्या कंपनीतच असता.

शिवाय ही नोंद उशिरा चढते. ३१ मेला नोकरी गेली तर मे महिन्याचं अंशदान १५ जूनपर्यंत भरलं जातं आणि तुमचे शून्य दिवस दिसतात जूनच्या फाइलमध्ये, जी भरायची शेवटची तारीख १५ जुलै. तीस दिवस झाले म्हणून १ जुलैला अर्ज घेऊन गेलात तर नोंद नसण्याचीच शक्यता जास्त. शेवटच्या दिवशीच एचआरला ईमेल करा : कामाची शेवटची तारीख अमुक, कारण कामगारकपात, ईएसआयच्या फाइलमध्ये तशीच नोंद करावी. ईमेलच. ‘बघतो’ या शब्दाला पुरावा नसतो.

आणि राजीनामा. ‘राजीनामा लिहून द्या, फुल अँड फायनल लवकर करतो’ हे वाक्य औद्योगिक पट्ट्यात सगळ्यांना पाठ आहे. पण स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला, स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याला किंवा गैरवर्तनावरून कारवाई होऊन काढलेल्याला ही मदत नाही. निवृत्तीचं वय झालेल्यालाही नाही, मालकाने केलेल्या टाळेबंदीत किंवा बेकायदा ठरलेल्या संपातही नाही. सही केलेला राजीनामा फाइलमध्ये असेल तर पुढे शाखेत कितीही भांडा. काम संपलं म्हणून किंवा कंत्राट संपलं म्हणून मुक्त केल्याचं पत्र मागा, ते मिळेपर्यंत पेन खिशात ठेवा.

अर्ज करणं तसं सोपं आहे. ईएसआयसीच्या पोर्टलवर विमाधारक म्हणून लॉगिन, अटल योजनेचा क्लेम, बेरोजगार झाल्याची तारीख आणि कालावधी, प्रिंट, सही. ओटीपी नोंदवलेल्या मोबाइलवर येतो आणि बऱ्याच कंत्राटी कामगारांच्या खात्यावर नंबर असतो तो ठेकेदाराच्या सुपरवायझरचा. नोकरी असतानाच तो बदलून घ्या, सुटल्यावर सुपरवायझर फोन उचलेलच असं नाही. जोडायचं ते इतकंच : आधारची प्रत आणि पासबुकाचं पहिलं पान किंवा रद्द केलेला चेक. मूळ नियमात २० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र सांगितलं होतं, ती अट २०२० मध्ये गेली. पुण्यात विक्रेता हातात पाचशेचा ठेवतो, म्हणून कुणी प्रतिज्ञापत्र मागितलंच तर आधी शाखेत ‘ते खरंच लागतं का’ एवढं विचारा आणि मगच पैसे घालवा.

खातं स्वतःच्या नावाचं आणि आधार जोडलेलं हवं. पतसंस्थेचं खातं देऊ नका. जुनं पासबुक देना, विजया, सिंडिकेट, कॉर्पोरेशन, आंध्रा किंवा अलाहाबाद बँकेचं असेल तर त्यावरचा आयएफएससी २०१९-२०च्या विलीनीकरणात बदललेला असतो. बँकेत जाऊन नवं पान छापून आणा. आधारवर ‘ज्ञानेश्वर’ आणि ईएसआयवर ‘डी.’ असेल तर आधी नाव दुरुस्त करा. हा फरक माणसाला किरकोळ वाटतो, संगणकाला नाही.

कुठे द्यायचा? बिबवेवाडीच्या पंचदीप भवनात उपक्षेत्रीय कार्यालय आहे म्हणून भोसरीहून दोन बस बदलत तिथे जाऊ नका. क्लेम तुमच्या शाखा कार्यालयाचा. ते कोणतं, हे ई-पहचान कार्डावर दवाखान्याच्या नावाजवळ छापलेलं असतं. पोस्टानेही पाठवता येतो, पण स्वतः जाऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्क्याची पोच घेणं जास्त बरं. नोकरी गेल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करायचा आणि पुढच्या तारखांसाठी आगाऊ क्लेम चालत नाही. मध्येच नवी नोकरी लागली तर रुजू होण्याच्या तारखेपर्यंतचेच पैसे, आणि ते लपवू नका. नव्या मालकाने अंशदान भरलं की त्याच आयपी नंबरवर दिसतं. खोट्या माहितीबद्दल कायद्यात शिक्षा आहे, तशी शिक्षा झालेल्याला ही मदत मिळत नाही.

मदतीच्या काळात ईएसआय दवाखान्यातले उपचार चालू राहतात. रकमेइतकंच याचंही मोल आहे, विशेषतः घरात कुणाला रोजची औषधं असतील तर. आजारपणाचा भत्ता आणि ही मदत मात्र एकाच दिवसांसाठी मिळत नाही.

नव्वद दिवस आयुष्यात एकदाच. पंधरा दिवसांत दुसरीकडे लागणार हे ठरलेलं असेल तर अर्ज करायची घाई कशाला? मोठ्या संकटासाठी राखून ठेवलेलं बरं.

आणि अर्ज भरण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा : कंपनी बंद पडली का, किंवा औद्योगिक विवाद कायद्याखाली (नोव्हेंबर २०२५पासून त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेखाली) रीतसर कपात झाली का? तसं असेल तर अटल योजना बाजूला ठेवा. १ एप्रिल २००५पासून ईएसआयचीच राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे. तिच्यात पहिले बारा महिने सरासरी रोजंदारीच्या ५० टक्के आणि पुढचे बारा महिने २५ टक्के मिळतात, सोबत कुटुंबासह उपचार. नोकरीबाहेरच्या दुखापतीने किमान ४० टक्के कायमचं अपंगत्व येऊन नोकरी गेली तरीही तीच लागू. अठरा हजारांच्या पगारावर ढोबळमानाने पहिल्या वर्षी महिना नऊ हजार, दुसऱ्या वर्षी साडेचार. दोन वर्षांत दीड लाखाच्या वर, समोर अटलचे सव्वीस हजार. फरक एवढा असताना ही योजना फारशी कुणी विचारत नाही, कारण तिला बंदीची किंवा कपातीची कागदपत्रं लागतात आणि एचआरच्या फाइलमध्ये २ लिहिलेलं असतं. तो १० करून घेण्यासाठी चार फेऱ्या झाल्या तरी घाला.

क्लेम अडला तर आधी शाखा व्यवस्थापकांकडे लेखी अर्ज, पोच घेऊन. मग टोल फ्री १८००-११-२५२६ किंवा केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर. तिथे लिहिताना आयपी नंबर, क्लेमची तारीख आणि पोचेचा फोटो तिन्ही द्या. नुसतं ‘पैसे मिळाले नाहीत’ लिहिलं तर उत्तर येतं ‘माहिती अपुरी’, आणि पुन्हा पहिल्यापासून.