सेशनमधला ताण: मनगटी घड्याळ की छातीचा पट्टा?

मानसोपचाराच्या सेशनमध्ये ताण मोजायचा म्हटलं की आधी घड्याळच सुचतं, कारण ते हातात असतंच. दोन सेशनमधल्या आठवड्यातली झोप आणि रात्रीचे ठोके बघायला ते पुरे. त्यासाठी पट्टा घ्या, असं मी म्हणणार नाही. प्रश्न आहे तो खोलीतल्या त्या पन्नास मिनिटांचा.

घड्याळ त्वचेत हिरवा प्रकाश सोडून नाडी वाचतं. मनगट हललं की वाचन बिघडतं. आणि अवघड विषय निघाला की माणूस हात चोळतो, रुमाल पिळतो, डोळे पुसतो. गार्मिनसारखं घड्याळ हालचाल जास्त दिसली की ताणाचा आकडा देतच नाही, आलेखात रिकामी जागा सोडतं. म्हणजे जी पाच मिनिटं हवी होती, तीच गायब. माझा कौल पट्ट्याकडे फिरला तो इथे.

पोलर एच१०सारखा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत घेतो. हात हलले तरी दोन ठोक्यांमधलं अंतर, ज्यावरून ताणाचा अंदाज बांधतात, मिलिसेकंदांत मिळतं. पण कोकणात त्याचे लाड फार. अंगाला खोबरेल लावलेलं असलं की पट्टा नीट पकडत नाही. ओल्या फडक्याने त्वचा पुसून, इलेक्ट्रोडला, म्हणजे पट्ट्याच्या त्वचेला टेकणाऱ्या भागाला, पाणी लावून मग बांधायचा. पावसाळ्यात धुतलेला पट्टा लवकर वाळत नाही, काळे ठिपके धरतो. दोन पट्टे ठेवावेत आणि वापर झाला की सेन्सर काढून ठेवावा, नाहीतर ओल्या पट्ट्यावर सेल उतरत राहतो.

छातीभोवती काही आवळलेलं कोणाला सहन होत नसेल, तर मात्र आग्रह नको. तिथे घड्याळच बरं.

बोटांना लावायचे घामाचे सेन्सर रत्नागिरी-मालवणकडे मे महिन्यात मला भरवशाचे वाटत नाहीत. वीज जाऊन पंखा थांबला की रेषा चढते. ती उकाड्याने चढली की आठवणीने, कसं ओळखणार?

काहीही निवडा, एसटी स्टँडवरून घाटी चढून आलेल्याला आधी 10 मिनिटं बसू द्या. मग 5 मिनिटं नोंद घ्या, पण गप्प बसवून नको. बोलताना श्वास बदलतो, श्वासाबरोबर ठोक्यांमधलं अंतरही बदलतं. गप्प बसण्याशी तुलना केली तर नुसतं बोलणंसुद्धा ताण दिसेल. सकाळी काय खाल्लं, बाजारात बांगडा काय भावाने मिळाला, असं साधं बोलणं चालू असतानाची नोंद तुलनेचा पाया म्हणून धरा. बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणारी गोळी चालू असेल तर तेही वहीत टिपून ठेवा.